लिनक्स संगणकाची फायरवॉल: गैरसमज आणि वस्तुस्थिती

लोणी-संगमनेरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचे वसतिगृह असो, सुपे-नागापूरच्या औद्योगिक वसाहतींतील एखादी लहानशी कचेरी असो, की अहिल्यानगर शहरातील सावेडीचे एखादे घर असो, ज्याच्या टेबलावर लिनक्स चालणारा संगणक आहे त्याच्या मनात त्या संगणकाच्या सुरक्षिततेविषयी बहुधा दोनच भावना नांदत असतात: एक निर्धास्तपणाची, कारण लिनक्सला काही होत नाही असे त्याने ऐकलेले असते, आणि दुसरी धास्तीची, कारण फायरवॉल लावणे हे तज्ज्ञांचे काम होय असेही त्याने ऐकलेले असते. दोन्ही भावना ऐकीव माहितीवर पोसलेल्या आहेत. वास्तविक फायरवॉल म्हणजे, जाळ्यातून येणारे प्रत्येक पॅकेट (माहितीचा तुकडा) कोठून आले, कोणत्या पोर्टासाठी (संगणकाच्या कोणत्या क्रमांकित दारासाठी) आले आणि ते आपण मागवले होते की नाही, याची रुजवात घेऊन त्याला मुभा देणारी अथवा मज्जाव करणारी नियमावली होय. आणि ती अमलात आणणारी नेटफिल्टर नावाची यंत्रणा लिनक्सच्या कर्नलमध्येच अंतर्भूत असते. तिच्याविषयी रूढ झालेले काही गैरसमज येथे एकेक करून तपासू.

गैरसमज १: लिनक्सवर हल्ले होत नाहीत, तेव्हा फायरवॉलची गरज नाही.

वस्तुस्थिती: २०१६ साली मिराई नावाच्या उपद्रवी प्रोग्रॅमने जगभरचे असंख्य राउटर आणि कॅमेरे आपल्या कह्यात घेतले, आणि त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला त्यांच्याच साहाय्याने डाइन या अमेरिकी कंपनीवर भडिमार होऊन ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या सेवा काही तास विस्कळीत झाल्या. ही उपकरणे लिनक्सवरच चालणारी होती. त्यांचे दूरून आज्ञा देण्याचे, टेलनेटचे पोर्ट जगाला उघडे होते आणि पासवर्ड कारखान्यात घातलेलेच राहिले होते.

हे उदाहरण उपकरणांचे झाले, आमच्या टेबलावरील संगणकाचे काय, असे कोणी म्हणेल, तर त्याने सप्टेंबर २०२४ मध्ये उघडकीस आलेले कप्स या छपाईव्यवस्थेतील दोष आठवावेत. तिचा कप्स-ब्राउज्ड हा घटक जाळ्यातील प्रिंटरांचा शोध घेण्यासाठी यूडीपी ६३१ या पोर्टावर कोणाचेही म्हणणे ऐकून घेई. हल्लेखोराने धाडलेल्या एका पॅकेटावरून तो खोट्या प्रिंटराची नोंद करी, आणि मालकाने त्या प्रिंटराकडे छपाईचे काम पाठवले की हल्लेखोराची आज्ञा त्या संगणकावर चाले. ज्या संगणकावर त्या पोर्टाकडे येणारी अनाहूत पॅकेट्स अडवली जात होती, त्याच्यापुरता हा थेट मार्ग दुरुस्ती प्रसिद्ध होण्यापूर्वीच बंद होता.

गैरसमज २: लिनक्समध्ये फायरवॉल असतेच, म्हणजे ती चालू असणारच.

वस्तुस्थिती: यंत्रणा असणे आणि तिला नियम दिलेले असणे या भिन्न गोष्टी आहेत. उबुंटूमध्ये यूएफडब्ल्यू हे साधन येते, परंतु ते बंद स्थितीत येते, आणि लिनक्स मिंटमध्येही तोच शिरस्ता आहे. डेबियनमध्ये मालकाने स्वतः घातल्याखेरीज कोणताही नियम नसतो. फेडोरामध्ये फायरवॉलडी ही व्यवस्था पहिल्या दिवसापासून चालू असते खरी. मात्र फेडोराच्या वर्कस्टेशन आवृत्तीचा मूळ झोन, म्हणजे नियमसंच, १०२५ ते ६५५३५ ही सर्व पोर्टे सर्वसामान्य वापराच्या सोयीसाठी मोकळी ठेवतो. ते नको असल्यास ‘पब्लिक’ हा अधिक कडक झोन निवडण्याची तजवीज मालकालाच करावी लागते.

गैरसमज ३: घरात राउटर आहे, तोच रक्षण करील.

वस्तुस्थिती: अनेक संगणकांना एकाच पत्त्यामागे ठेवणारा राउटर बाहेरून येणारे अनाहूत पॅकेट आतल्या कोणाकडे द्यावे हे न कळल्यामुळे ते टाकून देतो, आणि त्यामुळे काही संरक्षण आपोआप घडते, हे मान्य केले पाहिजे. परंतु या संरक्षणाला दोन मर्यादा आहेत. पहिली ही की ते बाहेरच्यांपासून आहे, शेजाऱ्यांपासून नाही. वसतिगृहाच्या वाय-फायवर शेकडो विद्यार्थी एकाच जाळ्यात असतात. शिर्डीच्या लॉजमध्ये रोज निराळे प्रवासी त्याच जाळ्यात येऊन जातात. आणि त्यांतील एखादा लॅपटॉप आधीच बाधित असला, तर त्याच्या आणि आपल्या संगणकाच्या मध्ये राउटरची आडकाठी बहुधा नसते.

दुसरी मर्यादा आयपीव्ही-६ ची. भारतात जिओसारख्या सेवादात्यांनी ही पत्तापद्धती मोठ्या प्रमाणावर स्वीकारली असून, तिच्यात प्रत्येक संगणकाला जगभर ओळखला जाणारा स्वतंत्र पत्ता मिळू शकतो. मग बाहेरून आलेले पॅकेट अडवायचे की नाही हे सर्वस्वी राउटराच्या स्वतःच्या फायरवॉलवर अवलंबून राहते, आणि ती कशी आहे याची खातरजमा फारच थोड्यांनी केलेली असते. यूएफडब्ल्यूचे सामान्य नियम दोन्ही पत्तापद्धतींना लागू होतात; मात्र केवळ आयपीटेबल्स या जुन्या साधनात नियम लिहिणाऱ्याचे आयपीव्ही-६ चे दार उघडेच राहते, कारण त्यासाठी आयपी-६-टेबल्समध्ये निराळी नोंद लागते.

गैरसमज ४: हे काम तज्ज्ञांचे आहे, आणि त्याने संगणक मंद होतो.

वस्तुस्थिती: जानेवारी २००१ च्या २.४ कर्नलबरोबर आयपीटेबल्स आले तेव्हा नियम लिहिणे खरोखरच किचकट होते. परंतु २००८ पासून उबुंटूत यूएफडब्ल्यू आहे, त्याला जीयूएफडब्ल्यू हे खिडकीचे रूपही आहे, आणि जानेवारी २०१४ च्या ३.१३ कर्नलपासून आतल्या बाजूला एनएफटेबल्स ही नवी व्यवस्था आली असली तरी सामान्य वापरकर्त्याला तिच्याशी थेट व्यवहार करावा लागत नाही. पाच-दहा नियमांचा भार तर आजच्या संगणकाला जाणवतही नाही.

यूएफडब्ल्यूने प्रत्यक्ष मांडणी पुढीलप्रमाणे करावी. आज्ञा येथे देवनागरीत दिल्या आहेत; टर्मिनलवर त्या रोमन लहान अक्षरांत लिहाव्यात.

१. प्रथम ‘सुडो एसएस -टीयूएलपीएन’ ही आज्ञा देऊन आपल्या संगणकावर कोणता प्रोग्रॅम कोणत्या पोर्टावर ऐकत बसला आहे याची यादी पाहावी. पत्त्याच्या जागी १२७.०.०.१ असेल तर तो केवळ त्याच संगणकापुरता ऐकतो, ०.०.०.० किंवा चौकटी कंसात दोन अपूर्णविराम (::) असतील तर तो सर्वांचे ऐकतो. यांपैकी ज्याची गरज नाही तो प्रोग्रॅम बंदच करावा.

२. ‘सुडो यूएफडब्ल्यू डिफॉल्ट डिनाय इनकमिंग’ आणि ‘सुडो यूएफडब्ल्यू डिफॉल्ट अलाउ आउटगोइंग’ या दोन आज्ञांनी मूळ धोरण ठरवावे: न मागवलेले येऊ नये, आपण मागवलेले येऊ द्यावे.

३. जे अगत्याचे असेल त्यालाच परवाना द्यावा, आणि तोही घरच्या जाळ्यापुरता. दूरून संगणक हाताळू देणाऱ्या एसएसएचसाठी उदाहरणार्थ: ‘सुडो यूएफडब्ल्यू अलाउ फ्रॉम १९२.१६८.१.०/२४ टू एनी पोर्ट २२ प्रोटो टीसीपी’. येथील पत्ता आपल्या राउटराप्रमाणे बदलावा. फोनशी जोडणाऱ्या केडीई कनेक्टला १७१४ ते १७६४ ही पोर्टे टीसीपी व यूडीपी या दोन्ही प्रकारांत लागतात.

४. शेवटी ‘सुडो यूएफडब्ल्यू इनेबल’ म्हणावे आणि ‘सुडो यूएफडब्ल्यू स्टेटस व्हर्बोज’ने खात्री करावी. संगणक पुन्हा सुरू केला तरी हा बंदोबस्त कायम राहतो.

दूरच्या संगणकावर एसएसएचने बसून हे काम करणाऱ्याने तिसरी पायरी, तिच्यात आपण जेथून जोडलो आहोत तेथील पत्ता घालून, चौथीच्या आधी पार पाडण्यात कसूर करू नये. अन्यथा तोच बाहेर अडकून पडेल. आणखी एक सावधगिरी: यूएफडब्ल्यू आणि फायरवॉलडी ही दोन्ही साधने एकाच संगणकावर एकाच वेळी चालवू नयेत.

गैरसमज ५: यूएफडब्ल्यूने सर्व बंद म्हटले की सर्व बंद झाले.

वस्तुस्थिती: संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात ठेवावी अशी ही बाब आहे. डॉकरमध्ये एखादा कंटेनर चालवून त्याचे पोर्ट प्रसिद्ध केले, की डॉकर स्वतःचे नियम नेटफिल्टरमध्ये परस्पर नोंदवतो; त्या पॅकेटांचा मार्ग यूएफडब्ल्यूच्या आवक-नियमांवरून जात नाही, आणि स्टेटसमध्ये मज्जाव दिसत असतानाही पोस्टग्रेस या डेटाबेसचे ५४३२ पोर्ट साऱ्या वसतिगृहाला खुले राहू शकते. उपाय सोपा आहे: पोर्ट प्रसिद्ध करताना ‘१२७.०.०.१:५४३२:५४३२’ असा स्वतःचा पत्ता आधी लिहावा.

उलट दिशेचाही एक भ्रम आहे. पिंगला उत्तर मिळते म्हणजे फायरवॉल निकामी आहे असे काहींना वाटते. पण यूएफडब्ल्यू पिंगला मुद्दामच मुभा देते, आणि त्याने कोणतीही सर्व्हिस उघडी पडत नाही. परीक्षा घ्यायचीच असेल तर ती त्याच संगणकावरून घेण्यात अर्थ नाही, कारण स्वतःशी चालणारा व्यवहार नियमांतून वगळलेला असतो; दुसऱ्या संगणकावरून एनमॅप या पोर्ट तपासणाऱ्या साधनाने घ्यावी, आणि तीही केवळ आपल्या मालकीच्या किंवा ज्यांची परवानगी आहे अशा यंत्रांवर.

गैरसमज ६: फायरवॉल लागली, आता चिंता नाही.

वस्तुस्थिती: अहिल्यानगरचा भुईकोट किल्ला भक्कम तट आणि रुंद खंदक यांनी वेढलेला असूनही ऑगस्ट १८०३ मध्ये इंग्रजांच्या जनरल वेलस्लीच्या फौजेने तो अवघ्या काही दिवसांत घेतला, आणि मारा कोठे करावा हे भिंगारच्या देशमुखाकडून कळले अशी जिल्ह्याच्या गॅझेटियरात नोंद आहे. फायरवॉलचीही मर्यादा तीच. वीजबिल थकल्याचा खोटा संदेश वाचून आपणच लिंक उघडली, किंवा अनोळखी ठिकाणची स्क्रिप्ट सुडो लावून आपणच चालवली, तर तो व्यवहार आतून सुरू झालेला असतो, आणि फायरवॉलच्या लेखी तो मालकाच्या हुकमानेच झालेला असतो. अद्ययावत ठेवलेली प्रणाली, एसएसएचसाठी पासवर्डऐवजी किल्ली, निराळ्या जागी ठेवलेली बॅकअपची प्रत आणि संशयी मन यांची जागा कोणताही नियम घेऊ शकत नाही. आर्थिक फसवणूक झालीच तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

फायरवॉल न मागवलेले अडवते. तिच्याकडून याहून अधिकाची अपेक्षा करू नये, आणि एवढ्यासाठी ती अवश्य लावावी. वाचकांना विनंती एवढीच की आज संगणक बंद करण्यापूर्वी पहिल्या पायरीतील यादी एकदा डोळ्यांखालून घालावी, जे ओळखीचे नाही त्याचा छडा लावावा, आणि प्रत्येक नवे सॉफ्टवेअर बसवल्यानंतर ती यादी पुन्हा तपासण्याचा परिपाठ ठेवावा.