ड्रोन : आपल्या हुनरसाठी नवे दालन

लग्नाच्या मांडवावर फिरणारे, शेतात औषध फवारणारे आणि गावठाणाची मोजणी करणारे ड्रोन आता खेड्यापाड्यांतही दिसू लागले आहेत. आपले लोक कौतुकाने वर पाहतात आणि पुढे जातात. हे शिकलेल्या इंजिनियरांचे काम, आपले नव्हे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि घड्याळे दुरुस्त करणारी दुकाने आपल्या मोहल्ल्यांतून एकामागून एक बंद पडली. त्या उस्तादांच्या हातातली कला मात्र निकामी झालेली नाही. तिला नवे काम हवे आहे.

बाजार का खुला झाला?

९ फेब्रुवारी २०२२ रोजी केंद्र सरकारने परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. तयार ड्रोन, तसेच जोडणीसाठी सुटा करून आणलेला पूर्ण संचही त्यात आला. संशोधन, संरक्षण व सुरक्षा एवढ्यांनाच सवलत ठेवली. सुटे भाग आणण्यास मात्र मोकळीक आहे. याचा सरळ अर्थ असा की ड्रोन इथेच बनले पाहिजेत. मुंबईच्या आय.आय.टी.तून बाहेर पडलेल्या तरुणांनी २००७ साली आयडियाफोर्ज ही कंपनी काढली. २००९ च्या 'थ्री इडियट्स' चित्रपटात दिसलेला चार पंख्यांचा ड्रोन त्यांचाच. २०२३ मध्ये त्या कंपनीचे शेअर बाजारात आले. सुरुवात त्यांनीही लहान यंत्रानेच केली होती.

यंत्र आहे तरी काय?

चार हातांचा सांगाडा, प्रत्येक हाताच्या टोकाला एक मोटर आणि तिच्यावर पंखा. दोन मोटरी घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतात, दोन उलट्या, त्यामुळे यंत्र स्वतःभोवती गरगरत नाही. मधल्या छोट्या बोर्डावरील सेन्सर यंत्र किती कलले हे सेकंदाला शेकडो वेळा तपासतो आणि त्याप्रमाणे प्रत्येक मोटरचा वेग कमी-जास्त करतो. या बोर्डाची 'आर्डूपायलट' आणि 'बीटाफ्लाइट' ही सॉफ्टवेअरे मोफत मिळतात. म्हणजे सर्वात अवघड वाटणारा भाग बहुतांशी तयार आहे. राहिलेले काम हातांचे आहे.

मोटरमध्ये तांब्याच्या तारेचे वाइंडिंग असते. पंप आणि पंख्यांच्या मोटरी भरणाऱ्याला ते नवीन नाही, फक्त आकार बारीक. बोर्डावरचे सोल्डरिंग मोबाईल दुरुस्त करणारा डोळे मिटून करील. सांगाडा कापणे, भोके अचूक पाडणे, थरथर कुठून येते ते कानाने ओळखणे, हे मालेगाव-भिवंडीचे यंत्रमागाचे जॉबर आणि लेथवाले रोज करतात.

आधी हिशेब, मग जोडणी

बाजारातून भाग आणून जोडणे ही मजुरी झाली. किती वजनाला कोणती मोटर, कोणता पंखा, किती बॅटरी हे ठरवता येणे म्हणजे खरा हुनर, आणि नफाही त्यातच आहे. एक उदाहरण घेऊ. समोरासमोरच्या दोन मोटरींमध्ये ४५० मि.मी. अंतर असलेला सांगाडा, १० इंची पंखे, तीन सेलची ५,००० एम.ए.एच. लिथियम-पॉलिमर बॅटरी. सगळे मिळून वजन सुमारे १,२०० ग्रॅम. मोटरींची एकूण उचल वजनाच्या किमान दुप्पट, म्हणजे २,४०० ग्रॅम तरी हवी. त्यापेक्षा कमी असेल तर वाऱ्यात यंत्र सावरत नाही.

आता वेळ काढू. ११.१ व्होल्ट गुणिले ५ अँपिअर-तास म्हणजे ५५.५ वॉट-तास. बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते, म्हणून ८० टक्के धरा, सुमारे ४४. पंखा-मोटर चांगली जुळली तर एका वॉटमागे साधारण ७.५ ग्रॅम उचल मिळते. १,२०० ग्रॅमला १६० वॉट लागतील आणि यंत्र सोळा मिनिटे तरंगेल. तशीच दुसरी बॅटरी बांधली तर बत्तीस मिनिटे मिळतील असे वाटते, पण तसे होत नाही. वजन १,६०० ग्रॅम होते, मोटरींवर ताण वाढतो आणि हाती येतात तेवीस मिनिटांच्या आसपास.

इथेच सचोटीची कसोटी आहे. बारा मिनिटे उडणाऱ्या यंत्रावर 'पंचवीस मिनिटे' असे छापून विकणारे आहेत. नाप-तोलात खोट करू नये ही आपल्या दीनची ताकीद आहे. मिनिटे हेही मापच आहे. सामान लादून, वाऱ्यात उडवून जी वेळ येईल तीच गिऱ्हाईकाला सांगावी.

कामातील खबरदारी

पहिल्यांदा वीज जोडताना पंखे काढून ठेवावेत. दुकानातल्या सिरीज बोर्डासारखाच गाडीच्या हेडलाइटचा बल्ब बॅटरीच्या वायरीत मालिकेत लावावा. तो लखलखून पेटतच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि बोर्ड जळण्याआधीच ते कळते. कार्बन फायबरमधून वीज वाहते, म्हणून सांगाड्याला टेकणाऱ्या वायरी व बोर्डाखाली इन्सुलेशन द्यावे. ते कापताना उडणारी धूळ फुप्फुसाला घातक आहे. तोंडाला चांगला मास्क बांधावा, पाणी टाकून कापावे.

बॅटरी ४.२ व्होल्ट प्रति सेलच्या वर चार्ज करू नये, वापरताना ३.५ च्या खाली नेऊ नये, ठेवून द्यायची असल्यास ३.८ वर ठेवावी. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावणे म्हणजे दुकानाला आग लावणे.

कागदपत्रे

ड्रोन नियम, २०२१ नुसार २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो', त्यापुढे २ किलोपर्यंतचा 'मायक्रो', २५ किलोपर्यंतचा 'स्मॉल'. आपल्या उदाहरणातला मायक्रो झाला. नॅनो सोडून इतर ड्रोन देशात उडवण्यासाठी विकायचे तर त्या नमुन्याला 'टाइप सर्टिफिकेट' असावे लागते. मायक्रो ड्रोन धंद्यासाठी उडवणाऱ्याला पायलटचे प्रमाणपत्र हवे. त्यासाठी वय किमान १८ आणि शिक्षण दहावी पास पुरते. मात्र एक सवलत आपल्या लोकांना माहीत नसते. जी.एस.टी. क्रमांक असलेल्या उत्पादकाला नकाशावरील हिरव्या क्षेत्रात, स्वतःच्या जागेत किंवा ताब्यातील मोकळ्या मैदानात संशोधन व चाचणीसाठी उडवायला हे सर्टिफिकेट, नोंदणी क्रमांक किंवा पायलटचा परवाना लागत नाही.

तरीही उडवण्याआधी सरकारच्या 'डिजिटल स्काय' वरील नकाशा पाहावा आणि स्थानिक पोलिसांचा बंदी आदेश नाही ना, याची खात्री करावी. मुंबईत असे आदेश वेळोवेळी निघतात. प्रत्येक भागाची पावती, चाचणीची तारीख आणि जागा वहीत लिहून ठेवावी. उद्या कोणी विचारले तर तोंडी खुलासा पुरत नाही, कागद पुरतो. आपल्या तरुणांनी तर या बाबतीत जराही ढिलाई करू नये.

सुरुवात कशी करावी?

एकट्याने भांडवल घालण्याची किंवा व्याजी कर्ज काढण्याची गरज नाही. एक वाइंडिंगवाला, एक मोबाईल दुरुस्त करणारा, एक फिटर आणि जी.एस.टी. क्रमांक असलेला एक व्यापारी, अशा चौघांनी शिरकत करावी. नफा-तोट्याचा वाटा आधी ठरवून लिहून ठेवावा. पहिले वर्ष लग्नाच्या फोटोग्राफरांचे आणि फवारणीवाल्यांचे पडलेले, मोडलेले ड्रोन दुरुस्त करावेत. कोणता भाग कुठे तुटतो हे त्यातून कळते आणि घरखर्चही निघतो. मग स्वतःचा नमुना बनवावा.

बाराव्या-तेराव्या शतकातील थोर कारागीर अल्-जझारीने आपल्या यंत्रांची मापे व जोडणी १२०६ च्या ग्रंथात इतक्या तपशिलाने लिहिली की शेकडो वर्षांनी कारागिरांना ती पुन्हा बनवता आली. आपले उस्ताद मात्र हुनर कबरीत घेऊन जातात. मोहल्ल्यातील जी मुले दहावीनंतर घरी बसली आहेत त्यांना शागिर्द म्हणून घ्यावे, हिशेबाची वही त्यांच्या हाती द्यावी. इन्शाअल्लाह, हलाल रोजीचे एक नवे दार उघडेल.