गाडी परत आली की नफा गेला: टू-व्हीलर गॅरेज टाकण्याआधीचा हिशोब

वर्ध्यात, हिंगणघाटात किंवा देवळी-सेलूकडे गॅरेज टाकायचं म्हणणारी पोरं भेटली की पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच येतो: "सर, भांडवल दोन लाख आहे. मॉडिफिकेशनचं सामान भरू का? पोरं लय विचारतात." दुसरा प्रश्न कर्जाचा असतो. गाडी दुरुस्त करून दिल्यावर ती तीन दिवसांनी तशीच परत आली तर काय करायचं, हे मात्र कुणी विचारत नाही. खरा धंदा तिथेच टिकतो किंवा बुडतो. म्हणून आज आधी तेच बघू.

वहीत आकडे मांडा. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या चौकातले वेगळे असतील. समजा रोज पाच गाड्या आल्या आणि प्रत्येकीची मजुरी सरासरी 300 रुपये सुटली. महिन्याचे 26 दिवस धरले तर 39,000 झाले. आता खर्च काढा: भाडं 5,000, वीज 1,500, हाताखालच्या पोराचा पगार 9,000, ग्रीस-कापड-क्लीनर वगैरे 2,500. उरले 21,000. दोन लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी 11 टक्क्यांनी घेतलं तर हप्ता सुमारे 4,350 येतो. तुमच्या हातात राहिले 16,650. सामानावरचा नफा वेगळा, पण तो बऱ्याचदा उधारीत अडकलेला असतो, म्हणून इथे धरलाच नाही.

आता रोज फक्त एक जुनी गाडी "काल केली होती ना, तसंच होतंय" म्हणत परत आली असं समजा. तिचे पैसे मागता येत नाहीत आणि तिच्यावर गेलेल्या वेळात दुसरी गाडी होत नाही. महिन्याचे 7,800 गेले. तुमच्या हातात राहिले 8,850. पोराला पगार 9,000 आणि मालकाला 8,850! वरून चौकात नाव खराब होतं ते वेगळंच.

हे टाळायचं तर निदान पक्कं पाहिजे. पाना फिरवणारे खूप आहेत. कोणता पाना का फिरवायचा हे सांगणारा मिस्त्री कमी मिळतो, आणि गिऱ्हाईक त्याच्याकडेच दुसऱ्यांदा येतं.

"ॲव्हरेज देत नाही"

ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार. बरेच मिस्त्री ऐकल्याबरोबर कार्बोरेटरच्या स्क्रूला हात घालतात. तो शेवटी. आधी गाडी मेन स्टँडवर घ्या आणि मागचं चाक हाताने फिरवा. लगेच थांबलं तर ब्रेक चिकटतोय किंवा चेन फार ताणली आहे. आपल्याकडे काळी माती. पावसाळ्यात शेतातून आलेल्या गाडीच्या चेनकव्हरमध्ये आणि ब्रेक ड्रममध्ये ती अशी बसते की सुकल्यावर खरवडूनच काढावी लागते. इंजिन ठणठणीत असलं तरी चाक अडलं की पेट्रोल जातंच. चेनची ढील 100-110 सीसीच्या बहुतेक गाड्यांना दोन ते तीन सेंटिमीटर लागते. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा, आणि चाक फिरवत चेन जिथे सगळ्यात ताठ होते त्या जागी मोजा. चेन संपली असेल तर दोन्ही स्पॉकेटसकट सेट बदला. झिजलेल्या दातांवर नवी चेन टाकली की ती लवकर जाते, आणि गाडी परत तुमच्याच दारात येते.

मग टायरची हवा. मग एअर फिल्टर. मग प्लग काढून त्याचा रंग बघा: काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा हवा कमी मिळतेय, पांढरा पडला असेल तर उलट. त्यानंतर टॅपेट, आणि तेही इंजिन थंड असताना, फिलर गेज लावून.

टॅपेटचं जरा जास्त सांगतो. "भाऊ, टकटक आवाज येतोय, बंद करून द्या" असं गिऱ्हाईक म्हणतं. मिस्त्री टॅपेट घट्ट करतो, आवाज गायब होतो, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. पण फट उरली नाही की गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. कॉम्प्रेशन गळतं, गाडी तापली की किक घेत नाही, आणि पुढे व्हॉल्व्ह जळतो. मे महिन्यात वर्ध्याचा पारा 45 च्या आसपास असताना सेवाग्राम रोडवर दुपारी बंद पडलेल्या गाड्यांत अशाही असतात. थोडा आवाज राहू द्या आणि तो का ठेवला हे गिऱ्हाइकाला सांगा. हे सांगणं मजुरीतच मोडतं.

सगळं झाल्यावर ॲव्हरेज मोजायला शिकवा. टाकी काठोकाठ भरायची, शंभरेक किलोमीटर चालवायची, त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरायची आणि भागाकार करायचा. "रिझर्व्हला लागली तेव्हा" या मापाने वादच होतात.

जुन्या गाड्यांत आता आणखी एक गोष्ट बघावी लागते. 2023 पासून पंपांवर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल यायला लागलं. इथेनॉल पाणी ओढतं. पावसाळ्यात गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहिली, झाकणाचं रबर गेलेलं असलं, तर पाणी आणि इथेनॉल टाकीच्या तळाशी वेगळं बसू शकतं, आणि इंजिनला आधी तेच मिळतं. अशा गाडीचं कार्बोरेटर कितीही वेळा साफ करा, ती परत येणार. टाकी रिकामी करून बघा. पेट्रोल पाइप आणि कार्बोरेटरमधली रबरं फुगली किंवा कडक झाली असतील तर बदला.

बीएस-6 गाड्यांचं काय?

1 एप्रिल 2020 पासून विकलेल्या नव्या गाड्या बीएस-6 आहेत, आणि 100 सीसीच्या गाडीतसुद्धा फ्युएल इंजेक्शन आलं. वॉरंटी संपून या गाड्या आता बाहेरच्या गॅरेजकडे वळतायत. बरेच जुने मिस्त्री "सेन्सरवाली गाडी नको रे बाबा" म्हणतात. नवीन माणसाला जागा नेमकी इथेच आहे. दोन लाखांतले काही हजार स्कॅनर आणि चांगल्या मल्टिमीटरवर घाला. बऱ्याच बीएस-6 गाड्यांना सहा पिनांचं कनेक्टर असतं, तिथे स्कॅनर लागतो.

पण कोड म्हणजे निदान नव्हे. ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला म्हणून लगेच सेन्सर बदलू नका. सायलेन्सरच्या जोडातून गळती असली तरी तसाच कोड येऊ शकतो. आधी बॅटरीचं व्होल्टेज मोजा, कारण अशक्त बॅटरीमुळे इंजेक्शनच्या गाड्या भलतीच लक्षणं दाखवतात. मग कनेक्टर उघडून बघा. प्रेशर वॉशरने धुतलेल्या गाडीत पाणी तिथेच सापडतं.

आता मॉडिफिकेशन

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार तुम्हाला आठवत असतील. भंगारातल्या सामानातून त्यांनी किक मारून चालू होणारी छोटी जीप बनवली आणि 2021 च्या डिसेंबरमध्ये तिचा व्हिडिओ देशभर फिरला. आनंद महिंद्रांनी तोंडभर कौतुक केलं, पण त्याचबरोबर ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या प्रशासन ती थांबवेल, असंही म्हटलं. त्या बदल्यात त्यांनी लोहारांना बोलेरो देऊ केली आणि 2022 च्या जानेवारीत ती दिली. कसब शंभर टक्के, रस्त्यावर परवानगी शून्य.

तुमच्या-माझ्या गिऱ्हाइकाला बोलेरो कुणी देणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ रचनेपासून बदलेल असा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 च्या निकालात हेच सांगितलं. 2019 च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य फेरफारासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. कर्कश सायलेन्सरसाठी आवाज-प्रदूषणाचं कलम वेगळं, त्यात दंड 10,000 पर्यंत. चलन मालकाच्या नावावर फाटतं, हे खरं. पण पोलीस "कुठे बसवला?" विचारतात तेव्हा पोरगं तुमचंच नाव सांगतं.

मग अपग्रेडचं काम करूच नये का? करा ना! मान्यताप्राप्त सीएनजी किंवा इलेक्ट्रिक किट, आणि त्याची आरटीओत आरसीवर नोंद. रंग बदलायचा तरी ती नोंद लागते. एमएच-32 च्या कार्यालयात ही प्रक्रिया एकदा नीट समजून घ्या आणि गिऱ्हाइकाला कागदासकट काम द्या. बाकी चांगल्या ग्रिपचा योग्य मापाचा टायर, उत्तम लायनर, ओरिजिनल चेन किट हेसुद्धा अपग्रेडच आहे. सायलेन्सरचा स्टॉक मात्र दुकानात भरू नका, पैसा भिंतीवर टांगलेला राहतो.

जॉब कार्ड आणि उधारी

प्रत्येक गाडीला एक कागद. गाडी नंबर, किलोमीटर, पेट्रोल किती, तक्रार गिऱ्हाइकाच्याच शब्दांत, सांगितलेली रक्कम, द्यायची वेळ. मजुरी आणि सामान वेगळं लिहा. काढलेला जुना पार्ट पिशवीत घालून परत द्या. "काकाजी, हा तुमचा जुना लायनर, बघा किती घासला होता," एवढं म्हटलं की भावावरची घासाघीस निम्म्याने कमी होते.

जागा निवडताना गिऱ्हाईक कोण हे ठरवा. सावंगी-सेवाग्रामकडे दवाखान्यांतले कर्मचारी आणि विद्यार्थी असतात. त्यांना गाडी आजच पाहिजे आणि ते यूपीआयने लगेच देतात. सेलू-देवळीकडच्या शेतकऱ्याला गाडी मजबूत पाहिजे, पण पैसे "कापूस निघाला की देतो." तो देतोही, फक्त तुमचा हप्ता दर महिन्याला असतो. म्हणून नियम पहिल्या दिवसापासून भिंतीवर लावा: सामानाचे पैसे आधी, उधारी झाली तर फक्त मजुरीची, आणि तीही ओळखीच्या माणसाला, वहीत सही घेऊन.

कर्जाचं थोडक्यात. मुद्रा योजनेत शिशू गटात 50,000 पर्यंत आणि किशोर गटात 5 लाखांपर्यंत कर्ज मिळतं. दोन लाखांचा प्रस्ताव किशोरमध्ये जाईल. अनुदानाच्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमासाठी जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करा. पीएम विश्वकर्माच्या 18 व्यवसायांत मोटार मेकॅनिक नाही, त्यामुळे त्याचा फॉर्म भरून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, त्यासाठीही एजंट नको. बँकेत जाताना स्कॅनर, कॉम्प्रेसर, टूल किट यांची जीएसटीसकट कोटेशनं आणि वर मांडला तसा महिन्याचा हिशोब सोबत ठेवा, परत येणाऱ्या गाड्यांची ओळ धरून.