जादूची किंमत विचारा!

दोस्तांनो, जव्हार-मोखाड्याकडच्या मुलांना बोहाडा म्हणजे काय, ते सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. पालघर जिल्ह्यातल्या या डोंगराळ भागात बोहाड्याच्या दिवसांत रात्र-रात्र सोंगं निघतात. गणपती, शारदा, नरसिंह, रावण असे मोठमोठे मुखवटे चढवून माणसं संबळाच्या तालावर नाचत येतात. मुखवट्यामागं गावातलाच कोणीतरी आहे, हे ठाऊक असतं. तरी रावण पुढं आला की बारकी पोरं आईच्या पदराआड!

म्हणजे पाहा, ठाऊक असूनही खरं वाटणं, ही अद्भुतकथेची गंमत तुम्हाला आधीपासूनच माहीत आहे. मग जाडजूड कादंबऱ्यांना घाबरायचं कशाला? फक्त निवडताना चार प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न : या जादूला किंमत आहे का? कांडी फिरवली आणि सगळं झालं, अशी गोष्ट दहा पानांत कंटाळवाणी होते. चांगल्या गोष्टीत जादूला नियम असतो. टॉल्किन यांच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधली अंगठी घातली की माणूस अदृश्य होतो, पण ती हळूहळू त्याच्या मनाचाच ताबा घेते. हॅरी पॉटरच्या जगात एवढे जादूगार, पण हवेतून भाकरी कोणालाच काढता येत नाही! अन्न मुळात असावंच लागतं. हे वाचताना मला वारल्यांची कणसरी आठवते. कणसरी म्हणजे धान्याची देवी. घांगळीच्या साथीनं तिची कथा गातात. डोंगरउतारावर नागली-वरई पिकवणाऱ्यांना अन्नाची किंमत कोणी वेगळी शिकवायला नको.

दुसरा प्रश्न : पहिला भाग वाचून गोष्ट पुरी होते का? हॅरी पॉटरचे सात भाग १९९७ ते २००७ या काळात आले. पहिल्या भागाची गोष्ट त्यातच संपते. मराठीत तो 'हॅरी पॉटर आणि परीस' या नावानं आहे. आवडला तर पुढं जा, नाहीतर तिथंच थांबा. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चं तसं नाही. ती एकच लांबलचक कथा आहे, १९५४-५५ मध्ये तीन खंडांत छापलेली. मधलाच खंड हाती आला, तर काही कळायचं नाही. तिथं तिन्ही खंड मिळतील अशी सोय आधी बघा.

तिसरा प्रश्न : कुठून सुरुवात करायची? सी. एस. लुईस यांच्या नार्नियाची सात पुस्तकं १९५० ते १९५६ मध्ये निघाली. त्यातलं 'द मॅजिशियन्स नेफ्यू' छापलं गेलं सहावं, पण त्यातली गोष्ट घडते सगळ्यांत आधी! म्हणून काही संचांवर त्याला पहिला क्रमांक दिलेला असतो. माझं ऐकाल, तर लेखकानं ज्या क्रमानं पुस्तकं दिली त्याच क्रमानं वाचा. कपाटातून बाहेर पडताच बर्फाळ जंगल दिसतं, ती मजा आधी घ्या. ते जग कसं जन्मलं, हे मागाहून कळू दे.

चौथा प्रश्न : भाषा झेपते का? कोणतंही एक पान उघडा. चार-पाच शब्द अडले तर चालतं. ओळीओळीला ठेच लागत असेल, तर पुस्तक वाईट नाही अन् तुम्हीही कच्चे नाही. ते वर्षभरानं घ्या. घरात वारली किंवा ठाकरी, शाळेत मराठी आणि पुस्तक इंग्रजी, असं असेल तर मराठीपासून सुरुवात करा. भा. रा. भागवतांनी 'ॲलिस'ला मराठीत आणून 'जाईची नवलकहाणी' लिहिली. ती मोठ्यानं वाचायला झकास आहे. इंग्रजी सवयीचं झालं, की रोशनी चोक्सी यांची 'अरू शाह' मालिका बघा. २०१८ ते २०२२ मध्ये तिचे पाच भाग आले. त्यात आजच्या मुली आणि महाभारतातले पांडव यांची गाठ घातली आहे. बोहाड्यातली सोंगं पाहिलेल्यांना ते जग परकं वाटणार नाही.

आता आई-बाबा आणि गुरुजी-बाईंसाठी. हॅरी पॉटरच्या पहिल्या भागाची ब्रिटनमधली आवृत्ती २२३ पानांची होती आणि पाचव्याची ७६६. म्हणजे पहिला भाग वाचणारं मूल लगेच पाचवा पेलेलच, असं नाही. आश्रमशाळेच्या पेटीत मोजकीच पुस्तकं येणार असतील, तर एकाच मालिकेचे सात भाग घेऊ नका. पाच वेगवेगळ्या मालिकांचे पहिले भाग घ्या. वर्षअखेरीस ज्या पुस्तकाचे कोपरे सगळ्यांत जास्त दुमडले असतील, त्याचा पुढचा भाग आणा. कोपरे दुमडले म्हणून रागावू मात्र नका! पुस्तक कपाटात कोरं राहण्यापेक्षा ते बरं.

आणि दोस्तांनो, पेटी उघडायला वेळ असेल, तर आजीला विचारा : तुमच्याकडच्या गोष्टीत कोण कशाला घाबरतं, कोणाला कोणता शब्द पाळावा लागतो, मोडला तर काय होतं? उत्तरं वहीत उतरवून ठेवा. त्या गोष्टी अजून कोणत्याच पुस्तकात आल्या नसतील, तर त्या वाचायला मिळणं तुमच्याच हातात आहे.