एका ‘विहिरीची’ची सोळा रूपे

मोडी लिपीत वेलांटी एकाच प्रकारची आणि उकारही एकाच प्रकारचा. कारकुनाचे काम झरझर व्हायचे. पण तोच कागद बाळबोधीत उतरवायचा, तर ‘विहिरीची’ या चार अक्षरी शब्दात ह्रस्व की दीर्घ, असा प्रश्न चार वेळा पडतो. रूपे होतात १६. एखाद्या पानावर अशा ४० जागा असल्या, की त्या पानाची लेखने १ लाख ९ हजार कोटींच्या पुढे जातात.

जुन्या पोथ्यांतही हाच प्रश्न पडतो. तो पाहायला आता विदर्भातल्या कारंजा लाडला चला. दत्तसंप्रदायातल्या नृसिंह सरस्वतींचे हे जन्मस्थान, परंपरेनुसार साल १३७८. त्यांचे चरित्र सांगणाऱ्या ‘गुरुचरित्रा’त सात हजारांहून अधिक ओव्या आहेत. जुन्या पोथ्यांमध्ये लेखनिक ह्रस्व-दीर्घ बरेचसे हाताच्या सवयीने लिहीत. ओवीमागे अशी एकच डळमळीत जागा धरली (ही फारच सौम्य अट झाली), तरी ७,००० ओव्यांची शक्य लेखने म्हणजे २,१०८ अंकी संख्या. ती इथे छापायची, तर या मजकुराला जागाच उरायची नाही. दृश्य विश्वातल्या अणूंचा अंदाज जेमतेम ८१ अंकी आहे!

याच गावात सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या जैन परंपरांच्या मंदिरांत हस्तलिखितांची भांडारे आहेत. दहाव्या शतकातल्या पुष्पदंताचे अपभ्रंश काव्य ‘जसहरचरिउ’ कारंजा जैन ग्रंथमालेत १९३१ साली छापून आले, तेव्हा संपादक प. ल. वैद्यांना नकलांमधले पाठभेद जुळवावे लागले. हे काम किती किचकट, ते प्रतींतला ण-न चा गोंधळ पाहिलेल्यालाच कळेल.

छापखाना आला आणि या राक्षसी आकड्यांना कुंपण पडू लागले. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत सुमारे ६०,००० शब्द एकेका ठरलेल्या रूपात बसले. तरी वाद मिटले नाहीत. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक १४ नियम १९६२ मध्ये आले, १९७२ मध्ये आणखी चार. नियम अवघे १८, पण ‘नांव’, ‘घरांत’, ‘केलें’ यांवरची, उच्चारातून केव्हाच गेलेली टिंबे त्यांनी पुसली.

अशाच उच्चारातून गेलेल्या अनुनासिकाच्या खुणांबाबत लिथुआनियात नेमके उलटे घडले. लिथुआनियन भाषेतले पहिले छापील पुस्तक १५४७ चे. पुढे १८६४ ते १९०४ अशी ४० वर्षे झारशाहीने लॅटिन अक्षरांत लिथुआनियन छापायलाच बंदी घातली, तेव्हा लोकांनी पुस्तके प्रशियातून चोरून आणली. भाषातज्ज्ञ याब्लोन्स्किस यांच्या १९०१ च्या व्याकरणाने प्रमाण लेखनाची वाट आखली. पण अनुनासिक उच्चार गेला, तरी अक्षराखालची त्याची शेपटी त्यांनी ठेवली. आजही चार स्वरांना ती आहे आणि शाळकरी मुले ती घोकतात.

आपल्या महामंडळाने एक खिडकी मात्र उघडी ठेवली. केशवसुतांपूर्वीचे पद्य छापताना ते मुळाबरहुकूम छापावे, असा एक नियम त्या अठरांतच आहे. त्यामुळे ‘गुरुचरित्रा’च्या पारायणाच्या प्रतींतली टिंबे अजून शाबूत आहेत, आणि तीही नियमाला धरून.