धारण आणि विमोचन : संगणकातील खोबणीचा विचार

सांगली जिल्ह्यातील मिरज येथे घडणाऱ्या तंबोऱ्याच्या खुंटीकडे दोन परस्परविरोधी कार्ये असतात : तारेचा ताण सोसून तिने स्थिर राहावयाचे आणि स्वर मिळविताना हाताने फिरावयाचे. निमुळत्या खुंटीची ही दोन्ही कार्ये एकट्या घर्षणावर चालतात.

संगणकातील काढघाल करता येणाऱ्या स्मृतिपट्टीपुढेही हाच प्रश्न असतो. परंतु तेथे केवळ घर्षण पुरत नाही. २०१४ साली प्रचारात आलेल्या डीडीआर-४ या प्रकारच्या पट्टीवर २८८ संपर्कबिंदू असतात व प्रत्येकावर खोबणीतील एक लवचीक पाते दाब देते. हा दाब वाढविल्यास पट्टी बसविणे कठीण होते व संपर्कावरील सोन्याचा मुलामा झिजतो. घटविल्यास हादऱ्याने संपर्क तुटून यंत्र बंद पडू शकते.

म्हणून येथे कार्यांची विभागणी केलेली असते : विद्युत्संपर्क पात्यांकडे, पट्टी जखडणे टोकाच्या खिट्टीकडे, आणि ती उलटी बसू न देणे मध्यापासून किंचित बाजूस असलेल्या खाचेकडे. ‘कनेक्टर’ या एका संज्ञेत हा भेद लोपतो. खोबण, खिट्टी, खाच हे मराठीतील जुने शब्द तो स्पष्ट करतात. परिभाषा घडविणाऱ्यांनी त्यांची उपेक्षा करू नये.