ओटीपी सांगण्याआधी

जालना जिल्ह्यातल्या मंठा किंवा जाफराबादच्या खेड्यातून तज्ज्ञ डॉक्टर गाठायचा, तर दिवसाची मजुरी बुडालीच. ई-संजीवनी या सरकारी दूरवैद्यकीय सेवेमुळे ही पायपीट काही प्रमाणात वाचते. उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवून दूरच्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलणे करून देतात. एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या टाळेबंदीत, घरच्या मोबाइलवरूनही ही ओपीडी सुरू झाली. पोट दाबून बघणे मात्र पडद्यावरून जमत नाही. छातीत कळ आली, तर थेट १०८.

उपचारांच्या नोंदी डिजिटल जोडणारा आभा क्रमांक १४ अंकी असतो. तो काढला की आपले रिपोर्ट कोणालाही दिसतात, हा गैरसमज. त्यासाठी रुग्णाची संमती लागते. म्हणून मोबाइलवर आलेला ओटीपी कशासाठी, हे विचारूनच सांगा. मागणारा ओळखीचा असला तरी.

नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि कित्येक दिवस तिथले काम पुन्हा कागदावर आले. जुन्या रिपोर्टांची पिशवी म्हणूनच इतक्यात रद्दीत घालू नका.