एलएनजीचा कंटेनर घ्यायचाय? आधी टाकीचे दिवस मोजा

माझं संशोधन गॅसच्या वाहतुकीवर आहे हे कळलं की नळदुर्ग-उमरग्याकडचे ओळखीचे ट्रकमालक एकच प्रश्न विचारतात: "एलएनजीची टाकी घेऊन भाड्यानं लावली तर परवडेल का?" हायवे दारातून जातो, ट्रकचा अनुभव आहे, बँक कर्ज द्यायला तयार आहे. तुमच्या मनातही हेच असेल, तर सही करण्याआधी एवढं वाचा.

नैसर्गिक वायू उणे १६२ अंशांपर्यंत थंड केला की द्रव होतो आणि जवळपास सहाशेपट कमी जागेत मावतो. हा एलएनजी. चाळीस फुटी टाकी-कंटेनरमध्ये तो साधारण सतरा टन बसतो. टाकी दुहेरी भिंतीची, मधे निर्वात पोकळी. मोठा थर्मासच म्हणा. साध्या टँकरपेक्षा फरक इतकाच की हा थर्मास ट्रकवरून उचलून रेल्वेवर, जहाजावर किंवा कारखान्याच्या आवारात ठेवता येतो.

धाराशिवसारख्या जिल्ह्याला याचा उपयोग आहे. गेलची दाभोळ-बंगळूरू पाइपलाइन कोल्हापूर-बेळगावकडून जाते, मुंबई-नागपूर मार्गावरची लाइन वरून, आणि आपण दोन्हींच्या मधे. नळ नाही तिथे टँकर, हे मराठवाड्याला वेगळं सांगायला नको.

आता हिशोब. टाकी दाभोळला भरली असं समजा. कुंभार्ली घाट, कराड, पंढरपूर करत धाराशिव चारशे किलोमीटरच्या आसपास. भरणं, रिकामं करणं, रांगा आणि परतीचा प्रवास धरून एक फेरी चार दिवसांत झाली तर वर्षाला नव्वद फेऱ्या. आठ दिवस लागले तर पंचेचाळीस. बँकेचा हप्ता मात्र दोन्हीकडे तोच.

आठ दिवस का लागतील? बहुतेक वेळा ग्राहकामुळे. त्याच्याकडे स्वतःची साठवण टाकी असेल तर तुमचा कंटेनर काही तासांत मोकळा होतो. नसेल तर तो तुमचाच कंटेनर आवारात उभा करून लागेल तसा गॅस वापरतो. विक्रेते ही सोय म्हणून सांगतात, आणि ती सोय आहेच, पण ग्राहकाची. त्याच्या गोदामाचं भांडवल तुम्ही घातलेलं असतं.

उभी टाकी नुसती उभीही राहत नाही. थर्मास कितीही चांगला असला तरी उष्णता आत झिरपते, द्रव उकळतो, दाब चढतो. काही आठवड्यांनी सुरक्षा झडप उघडून मिथेन हवेत जातो. माल गेला आणि वातावरणाचं नुकसान झालं ते वेगळं. शिवाय टाकी थंड राहावी म्हणून परत येतानाही तळाशी थोडा एलएनजी ठेवतात. म्हणजे सतरा टन भरले तरी सतरा टन विकले जात नाहीत.

दाभोळला ब्रेकवॉटर पूर्ण नसल्यामुळे बरीच वर्षं पावसाळ्यात जहाजंच लागत नसत. असं झालं की माल गुजरातेतल्या दहेजसारख्या दूरच्या टर्मिनलवरून आणायचा, आणि फेरी आणखी लांबते.

भाव तर आपल्या हातातच नाही. आशियातला स्पॉट भाव २०२० च्या एप्रिलमध्ये दोन डॉलरच्या खाली होता (दहा लाख बीटीयूला), तोच २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर सत्तर डॉलरच्याही वर गेला. असा भाव चढला की ज्या कारखान्याला जमतं तो सरळ दुसऱ्या इंधनाकडे वळतो.

मोठा पैसा कुठे जातोय तेही बघा. लातूर-धाराशिव क्षेत्राचा शहर गॅस परवाना असलेली युनिसन एन्व्हायरो ही कंपनी महानगर गॅसनं फेब्रुवारी २०२४ मध्ये ५३१ कोटींना घेतली. त्या किमतीत परवाना आला, म्हणजे ग्राहकांपर्यंत पोचण्याचा हक्क आला. नुसत्या टाकीच्या मालकाकडे असा हक्क नसतो.

टाकीची एक जमेची बाजू मला खरंच पटते. उद्या इथे पाइपलाइन आली तरी टाकी दुसऱ्या जिल्ह्यात नेता येते. पुरलेला पाइप उपटून नेता येत नाही.

म्हणून करार हातात आला की आधी भाडं कशावर आहे ते शोधा: फेरीवर की दिवसावर. फेरीवर असेल तर हॉल्टिंग कोण देणार, कितव्या दिवसापासून, आणि उडालेला गॅस कुणाच्या खात्यात, हे लिहून घ्या. टाकीला पेसोची मंजुरी आहे का तेही कागदावर पाहा. त्यांचं मुख्यालय नागपुरातच आहे. हॉल्टिंगचं पान कोरं असेल तर मी तरी सही करणार नाही.